सोडून येते

अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो तिच्या उजव्या हाताचा बसला होता. एकटा हात पाहिला तर कळलं नसतं. डावा शेजारी ठेवला की कळायचं. डाव्या उंचवट्याची सावली तळहातावर पडत होती, उजव्याची पडत नव्हती. सकाळच्या तिरप्या उजेडात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून दोन्ही हात पाहायची मिरीच्या आईला आता सवय झाली होती. गावाच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती बाटली उजेडात धरायची, तसंच. आधी नुसतं पाहायचं, मत नंतर.

"आई, डबा!" मिरी दारातून ओरडली. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

डबा ओट्यावर होता. तिने उचलला तर झाकण नुसतंच वर टेकवलेलं.

"अगं, झाकण कोण लावणार? सांडेल ना दप्तरात."

"मी लावते," म्हणत मिरीने डबा ओढून घेतला आणि दाबून बंद केला. सात वर्षांच्या मुलीच्या मानाने तिच्या बोटांत बरीच ताकद होती.

रस्त्यावर आल्यावर मिरीने आईचं मनगट धरलं. पूर्वी ती बोटं धरायची. मोठी झाली म्हणून धरायची पद्धत बदलली असेल, असं मिरीच्या आईने ठरवून टाकलं होतं. प्रयोगशाळेत एखाद्या मुलीने असा अंदाज वहीत लिहिला असता, तर 'पुरावा?' म्हणून तिने त्याखाली रेघ मारली असती.

आजार नसांचा होता. डॉक्टर तरुण होते आणि बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत होते. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. क्रम मागेपुढे होतो, म्हणाले, दिशा बदलत नाही. तिला हे सांगायची गरज नव्हती. तिच्या वडिलांना हाच आजार होता. ते घड्याळं दुरुस्त करायचे.

वडिलांची शेवटची दोन वर्षं तिने पाहिली नव्हती. धाकटी म्हणून तिला मामाकडे पाठवलं होतं. थोरली, म्हणजे ताई, घरी राहिली. त्यामुळे दोघी बहिणींकडे दोन वेगळे बाबा होते. ताईचे बाबा घास अडकून निळे पडणारे. धाकटीचे बाबा चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून 'श्वास सोडू नकोस, उडेल' म्हणणारे. आपल्या वाट्याला चांगले बाबा आले, असं ती आयुष्यभर मानत आली होती. मिरीच्या वाट्यालाही चांगली आई यावी, एवढंच आता तिच्या हातात होतं. हात होते तोवर.

ताई समुद्रापलीकडे राहायची. मिरीचे बाबा मिरी रांगत असतानाच सोडून गेले होते, आणि आसपासच्या बायकांच्या बोलण्यात त्यांना नाव उरलं नव्हतं. 'सोडून गेलेला' एवढंच. तेव्हा मिरी ताईकडे राहणार, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. विचार होता तो पुढचा.

"तूही इकडेच राहा," ताई फोनवर म्हणायची. "खिडकीकडची खोली मी रिकामी केलीय. पलंग उंच करून घेते."

"मला नाही राहायचं तिथे."

"मग कुठे राहणारेस? कोण बघणार तुला?"

"आहेत तशा जागा. मी चौकशी केलीय."

"जागा म्हणे! आणि पोरीला काय सांगणार?"

"बघू. आधी मी मिरीला सोडून येते, मग बघू."

"तू लहानपणापासून अशीच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. काय ते एकदा ठरव आणि बोल."

हा फोन झाला तेव्हा मिरी टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नव्हती.

त्यानंतर पंधरवड्याने दोघी विमानतळावर गेल्या. दारापर्यंत सगळं ठीक होतं. बॅगा तपासणाऱ्या बाईने मिरीला "वा, एकटीची बॅग का?" असं विचारलं, तशी मिरीने शेजारचा लोखंडी कठडा धरला. दोन्ही हातांनी. मग पायांनीही. ओरडली नाही, आधी नुसती धरून बसली, आणि आईने बोटं सोडवायला घेतली तेव्हा अशी किंचाळली, की रांगेतल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. मिरीच्या आईला ती बोटं सोडवता आली नाहीत. तिच्या बोटांपेक्षा मुलीची बोटं घट्ट होती. हे त्या दाराशी, सगळ्यांसमोर, तिला पहिल्यांदा कळलं. गणवेशातला एक जण पुढे आला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. भिते ती विमानाला." आणि दोघी घरी परतल्या.

विमानाला भिते. हे वाक्य तिला सोयीचं होतं. ताईलाही तेच सांगितलं. "भीती जाऊ दे तिची, मग बाकीचं ठरवते."

मग तिने भीतीचे भाग पाडले. कोणतीही अशुद्धी शोधायची तर एकदम शोधत नाहीत, एकेक तपासतात. आवाज, कान दुखणं, पट्टा, उंची, हादरे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने कचरा ओढायचं यंत्र मिरीच्या खुर्चीशेजारी चालू केलं. मिरी चित्र रंगवत राहिली. कान दुखू नयेत म्हणून चघळायच्या गोळ्या आणल्या. मिरीने त्या विमानाशिवायच संपवल्या. गच्चीवर नेलं. कठड्यावरून वाकून मिरी म्हणाली, "खालच्या काकांना टक्कल पडलंय, त्यांना माहीत नाही."

"आवाजाची नाही, उंचीची नाही," मिरीची आई जिन्यात ड्रायव्हर आजोबांना म्हणाली. हे शेजारच्या घरातले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आणि अजून बसताना डावा पाय क्लचवर असल्यासारखा पुढे ठेवणारे.

"तुम्ही शिकलेली माणसं फार तुकडे करता," आजोबा म्हणाले. "अहो, अख्खं विमान उडवून बघा ना! खुर्च्या आणा. मी चालवतो."

"तुम्हाला विमान येतं?"

"बस येते. विमान म्हणजे काय, खड्डे चुकवायचं काम कमी."

त्यांच्या घरात संध्याकाळी खुर्च्यांच्या दोन रांगा लागल्या. आजोबांनी जुन्या बॅगांचे पट्टे कापून खुर्च्यांना बांधले, डोक्यावर टोपी चढवली आणि पुढे ताट घेऊन बसले. ताट म्हणजे सुकाणू.

"प्रवाशांनी लक्ष द्या! पाय आत घ्या, डोकं बाहेर काढू नका. सुट्टे पैसे मागू नका."

"विमानात खिडकी उघडत नाही, आजोबा," मिरी म्हणाली.

"मग डोकं काढायचा प्रश्नच मिटला. पट्टे!"

मिरीने आपला पट्टा लावला आणि मग आईचाही लावला. आईने काही विचारण्याआधीच, सवयीने, टोक कडीतून ओवून दिलं. आजोबांनी तोंडाने इंजिन सुरू केलं. खुर्च्या मागून हलवल्या. ताट एकदा खाली पडलं, तेव्हा "पक्षी धडकला, घाबरू नका," असं जाहीर केलं. मिरी खदाखदा हसत होती. समुद्र आला, ढग आले, ढगांत खड्डे आले. मिरीच्या आईने मनात एकेक खूण केली. उड्डाण: भीती नाही. हादरे: भीती नाही.

"आलो, आलो! ती बघा खाली मावशी हात करतेय. धडाम! उतरलो. चला, सगळे खाली. ज्याला ज्याला सोडायचं त्याला सोडा, गाडी लगेच परत जाणार!"

मिरीचं हसणं थांबलं. तिने दोन्ही हात पट्ट्याच्या कडीवर ठेवले.

"अगं, आलं ना मावशीचं गाव. उतर."

"मी नाही उतरणार."

"का बरं? आवडलं वाटतं विमान?"

"विमान परत न्या," मिरी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आजोबा, परत न्या ना. दोघींना बसवून."

आजोबांनी टोपी काढली. "काय उलटं पोर आहे! लोक चढायला भितात, ही उतरायला भिते." मग मिरीच्या आईकडे पाहून हळूच म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा झालाय बघा तुमचा. विमानात काही नाही. पुढे काय आहे ते बघा."

पट्टा सोडवायला तिला जमलं नाही. कडी लहान होती. शेवटी मिरीनेच तो काढला, आधी आईचा, मग स्वतःचा.

घरी आल्यावर दिवा लावून ती मिरीचे केस विंचरायला बसली. डाव्या हाताने. गुंता काढण्यापुरतं अजून जमत होतं. समोर आरसा नव्हता, हे बरं होतं.

"मिरी, उतरल्यावर काय होईल असं वाटतं तुला?"

मिरी पायाच्या बोटांकडे बघत होती.

"तूच म्हणालीस."

"मी काय म्हणाले?"

"फोनवर. मावशीला. मिरीला सोडून येते."

मिरीच्या आईला हसू फुटलं, इतकी ती सुटल्यासारखी झाली. एका शब्दाचा घोळ! तिने कंगवा खाली ठेवला.

"अगं वेडे, सोडून येते म्हणजे पोचवून येते. बाबांसारखं सोडून नाही. शब्द एकच, अर्थ दोन. आता बघ, मी रोज सकाळी तुला शाळेत सोडते की नाही? सोडून कामावर जाते. म्हणजे काय मी तुला टाकून जाते का?"

मिरीने यावर खरोखर विचार केला. कपाळावर आठी आली. मग ती मागे वळली, आणि आईच्या तोंडाकडे पाहून तिने अगदी साधं, हिशेबातलं विचारावं तसं विचारलं.

"मग घ्यायला कधी येणार?"

मिरीच्या आईने खाली ठेवलेला कंगवा पुन्हा उचलला.

मामाच्या घराला तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर ती बसायची. हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं. इतकी वर्षं तिने चिमटा जपला होता, स्प्रिंग जपली होती, बाबांचं वाक्य जपलं होतं, आणि ही पायरी कुठल्या कुठे टाकून दिली होती. शाळेतून आली की ती बूट काढायची नाही. रात्री झोपेपर्यंत बूट पायात. मामी रागावायची, "काढ गं ते, पाय कुजतील." पण बाबा घ्यायला आले आणि आपण अनवाणी असलो तर उशीर होईल, बस निघून जाईल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बूट लहान झाले. टाचा सोलल्या. मग एक दिवस ताई आली, एकटी, आणि तिला म्हणाली, "चल." घरी बाबांच्या खुर्चीवर फोटो होता.

चांगले बाबा वाट्याला आले होते, ते असे.

"आई?"

"थांब जरा."

"तुझा हात सुटतो म्हणून ना?" मिरी म्हणाली.

"काय?"

"सिग्नलपाशी सुटला होता ना तुझा हात. तू सोडला नव्हतास. सुटला. मी बघितला." ती आता शाळेत उत्तर सांगतात तशी भराभर बोलू लागली. "मग मी मनगट धरते. मनगट सुटत नाही. आणि झाकणं मी रात्रीच सैल करून ठेवते. सगळी. साखरेचं पण. तुझ्या पर्सच्या चेनला मी दोरी लावलीय, ओढायला. तुला कळलं नाही?"

कळलं होतं. दोरी दिसली होती. शाळेत कसलं तरी हस्तकाम शिकवलं असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. घरात एक माणूस तिच्या हातांकडे रोज पाहत होतं, तिच्यापेक्षा बारकाईने, आणि ज्याच्यापासून ती हे लपवत होती, त्याच्याकडूनच झाकणं सैल करून घेत होती.

"मी कामं करते," मिरी म्हणाली. "मी त्रास देत नाही. मग कशाला सोडायचं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

मिरीच्या आईने मुलीला स्वतःसमोर बसवलं. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. डावा आणि उजवा.

"हे बघ. इथे कसं आहे आणि इथे कसं आहे?"

मिरीने बोटाने दोन्ही उंचवटे दाबून पाहिले. "हा चपटा झालाय."

"हो. आता दुसराही होणार. माझे हात जाणार आहेत, मिरी."

"कुठे?"

"कुठे नाही. इथेच असतील. पण माझं ऐकणार नाहीत. मग पायही ऐकणार नाहीत."

"मग तोंड?"

"तोंडही. गिळायला येणार नाही नीट. घास अडकेल, ठसका लागेल, मी निळी पडेन. तू घाबरशील."

"बोलायला?"

"नाही."

मिरीचा ओठ हलू लागला होता, पण ती थांबली नाही. प्रश्न क्रमाने येत होते. आईकडून शिकलेली होती.

"डोळे?"

"डोळे राहतात. शेवटपर्यंत."

"म्हणजे तुला मी दिसणार."

"हो."

"आणि औषध?"

"नाही."

"मग फोटोतल्या आजोबांसारखं होणार?"

हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही शब्दांत सांगायचं ठरवून ती कितीतरी दिवस शब्द शोधत होती. तारा, ढग, लांबचा प्रवास, काहीही. मुलीनेच तिचा तो त्रास वाचवला.

"हो," ती म्हणाली. "तसंच."

मिरी रडली. मोठ्याने नाही. पोटातून आल्यासारखं, मधे मधे उचकी घेत. मिरीच्या आईने तिला जवळ घेतलं आणि हातांनी धरायचं सोडून दंडांनी धरलं. दंडांत अजून जोर होता. बऱ्याच वेळाने मिरीचा श्वास ताळ्यावर आला. तिने आईच्या बाहीला नाक पुसलं.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"तू निळी पडशील तेव्हा. मी नसले तर मला कसं कळणार, झालं का नाही?"

बघितलेलं सोसतं की न बघितलेलं, याचे मिरीच्या आईजवळ दोनच नमुने होते, ती स्वतः आणि ताई. दोघीही बिघडलेल्या. पण ताई रोज संध्याकाळी फोन करायची, आणि ती स्वतः बूट घालून बसलेली होती, अजून.

फोन वाजला. ताईचीच वेळ होती. तिने उजवा हात पुढे केला, बोटं फोनभोवती गेली आणि मिटली नाहीत. फोन टेबलावरच सरकला. मिरीने तो उचलला, बटण दाबलं आणि आईच्या कानाला लावून धरला. गुडघ्यांवर उभी राहून, दोन्ही हातांनी.

"कशी आहेस?" ताई म्हणाली. "उडवलं का विमान?"

"उडवलं. पक्षी धडकला."

"अं? बरं. आणि भीती?"

"विमानाची नव्हतीच कधी."

पलीकडे भांडी हलल्याचा आवाज आला आणि थांबला. ताईला आवाजावरून कळत असे.

"मग कशाची?"

मिरी कानाशी होती. तिचा श्वास गालाला लागत होता, आणि तिचे हात अवघडले होते, तरी खाली येत नव्हते.

"ऐकतेस ना गं?" ताई म्हणाली. "मला तारीख तरी सांग. तिला सोडायला कधी येतेस?"

"ताई, ती खिडकीकडची खोली आहे अजून?"

"आहे की. का?"

"पलंग उंच करून घेते म्हणाली होतीस, तो घे. आणि शेजारी एक लहान पलंग टाक, माझं तोंड दिसेल असा."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"मी सोडायला येत नाहीये," मिरीची आई म्हणाली. "राहायला येतेय."